आधी गोविंदाची आंघोळ

वडनेर भोलजीत भगवानरावांचा शब्द खाली पडत नसे. पडलाच तर तो उचलून जागेवर ठेवायला त्यांचा धाकटा भाऊ गोविंदा हजर असे. दोघांत बारा-तेरा वर्षांचं अंतर. यंदा पऱ्हाटी लावायची की सोयाबीन, बैल ठेवायचे की ट्रॅक्टर घ्यायचा, दिवाळीला गोविंदाच्या सदऱ्याचं कापड कोणत्या रंगाचं, सगळं भगवानराव ठरवत. गोविंदाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ठरवायची कटकट दुसऱ्यानं केली की माणसाला झोप चांगली लागते, असं तो म्हणायचा, आणि झोप त्याला खरोखरच चांगली लागायची.

त्यामुळे साठी ओलांडल्यावर थोरल्या भावाला 'आंघोळ करून घ्या' असं सांगायची पाळी त्याच्यावर आली, तेव्हा ते शब्द जुळवण्यातच त्याची अर्धी सकाळ गेली.

भगवानरावांना विसर पडायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग शेताची वाट. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, हा आजार मागं फिरत नाही, माणसाला जपा. जपायला घरात दोघंच, गोविंदा आणि त्याची बायको आशाबाई. भगवानरावांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी योगिनी खामगावला दिलेली. गोविंदाचा मुलगा शंतनु पुण्यात नोकरीला. आशाबाईला भगवानराव भासरे लागत, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढे ताट ठेवायचं, हातात गोळी द्यायची, इथपर्यंत ठीक होतं. आंघोळीचं काम तिच्याकडे जाणं शक्यच नव्हतं.

"दादा, आंघोय करून घ्या," गोविंदा एकदाचा म्हणाला.

भगवानरावांनी बाजेवरून मान वर केली. बाकी सगळं विसरले असतील, पण ती नजर ते विसरले नव्हते.

"तू मले सांगून राह्यला?"

"नाही दादा," गोविंदा म्हणाला आणि आल्या पावली गोठ्यात गेला.

असं करता करता थंडी पडली. भगवानरावांच्या धोतराचा रंग आणि घराच्या भिंतीचा रंग एक झाला. भेटायला येणारे लोक आधी बाजेवर बसत, ते खुर्चीवर बसू लागले, मग खुर्ची दाराशी ओढू लागले, मग दारातूनच 'येतो, घाईत आहे' म्हणू लागले. सल्ले मात्र सगळ्यांकडे होते. शंतनु फोनवर म्हणाला, बाबा, तुम्ही जरा कडक व्हा. आशाबाई म्हणाली, गोड बोलून पाहा, गुळाचा खडा दाखवा. शेजारचा जानराव, गोविंदाच्या बरोबरीचा, म्हशी पाळणारा माणूस, त्याचं म्हणणं सरळ होतं. म्हैस डबक्यातून निघत नाही तर तिला कोणी समजावत बसतं का? दोघांनी धरायचं आणि पाणी ओतायचं.

गोविंदाला दुसरं काही सुचेना. एका सकाळी दोघांनी भगवानरावांना दोन्हीकडून धरून बाथरूमपर्यंत आणलं. हे बाथरूम शंतनुनं मोठ्या हौसेनं बांधून घेतलेलं, छतापर्यंत टाइल्स, खाली काळी चकचकीत फरशी, वरून शॉवर. उंबऱ्यापाशी आल्याबरोबर भगवानरावांनी पाय रोवले.

"पानी हाय," ते म्हणाले. "पानी हाय तिथं."

"आंघोयीले पानीच लागते, भगवानराव," जानराव म्हणाला आणि त्यानं मागून रेटलं.

भगवानरावांनी एका हातानं चौकट धरली आणि दुसऱ्या हातानं गोविंदाच्या कानाखाली अशी लगावली की त्याच्या कानात भुंगा शिरला. आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. गोविंदा ओरडला. 'चूप राहा' एवढंच ओरडला, पण असा ओरडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

भगवानराव चूप झाले. भिंतीला चिकटले. मारायला उचललेला हात त्यांनी स्वतःच्या तोंडापुढे आडवा धरला, मार चुकवायला धरतात तसा. तो हात गोविंदानं जन्मभर पाहिला होता, पण तसा धरलेला कधी पाहिला नव्हता. त्यानं भावाचा दंड सोडून दिला. जानरावही चपला शोधू लागला.

त्या दिवशी गोविंदा शेतात गेला तो दिवे लागल्यावरच परतला. भगवानराव ओसरीवर बसले होते. सकाळचं त्यांच्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं.

"जेवला का बे?" त्यांनी विचारलं.

गोविंदा हो म्हणाला. तो सकाळपासून जेवला नव्हता, आणि हो म्हटल्यामुळे आता मागता येईना. आशाबाईनं त्याचं तोंड पाहिलं आणि न विचारता भाकर वाढली.

त्यानं योगिनीला फोन करून सगळं सांगितलं. ओरडलो तेही सांगितलं. तिच्या बापावर ओरडलो म्हणून ती आता रागावेल, अशी त्याची तयारी होती. ती रागावली नाही. खामगावात महिन्यातून एकदा अशा माणसांच्या घरचे लोक एकत्र बसतात, काका तुम्ही या, म्हणाली. गोविंदाला बैठक म्हटलं की सोसायटीची बैठक आठवायची, जिथं खुर्च्या कमी आणि भांडणं जास्त. पण आशाबाईनं त्याचा धुतलेला सदरा काढून ठेवला, आणि जानराव आपण होऊन म्हणाला की त्या दिवशी भगवानरावांजवळ मी बसतो. सकाळच्या त्या प्रकारापासून जानराव जरा मऊ झाला होता.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दहा-बारा माणसं होती आणि बहुतेकांचे डोळे झोप न झाल्यासारखे. नीरजा नावाची बाई बैठक चालवत होती. तिनं स्वतःच्या आईला पुष्कळ वर्षं सांभाळलं होतं. गोविंदा पोचला तेव्हा सुहासिनीबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका बोलत होत्या. त्यांचे यजमान शरच्चंद्रराव तहसीलमध्ये कारकून होते आणि आता अंगातला चौकड्यांचा शर्ट काढायलाच तयार नसत. ऑफिसला उशीर होतो, म्हणत. बाई महिनाभर भांडल्या. मग एक दिवस त्याच कापडाचे आणखी तीन शर्ट शिवून आणले. आता ते झोपले की मळका उचलायचा आणि धुतलेला खुंटीला लावायचा. "सकाळी उठून म्हणतात, बघ, माझा शर्ट मळतच नाही," बाई म्हणाल्या, आणि सगळी खोली हसली.

अशा गोष्टीवर लोक हसतात याचंच गोविंदाला आधी नवल वाटलं. मग त्यालाही हसू आलं. हसून झाल्यावर बोलणं सोपं झालं. त्यानं चपलेकडे बघत बघत सगळं सांगितलं. कोणी चुकचुकलं नाही. सुहासिनीबाईंनी बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

नीरजा म्हणाली, "काका, ते आंघोळीला नाही म्हणत नसतील. दुसऱ्याच कशाला तरी नाही म्हणत असतील. थंडीला, उघडं होण्याला, कसल्या तरी भीतीला, किंवा कोणी हुकूम करतंय त्याला. ते उभे राहतात तिथं तुम्ही उभे राहून बघा. आणि नाहीच जमलं तर त्या दिवशी सोडून द्या. एक दिवस आंघोळ चुकल्यानं काही बिघडत नाही, भांडण झालं तर बिघडतं."

शिवाय पाणी डोक्यावरून ओतू नका, पायापासून सुरू करा, असंही तिनं सांगितलं. गोविंदानं बिस्किटं खाल्ली, सगळ्यांना नमस्कार केला आणि एस.टी. धरली. नांदुऱ्यापर्यंत तो तेवढाच विचार करत राहिला, की एवढा मोठा माणूस, ज्यानं भरल्या पुरात बैलगाडी घातली, तो भिणार कशाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दादा झोपलेले असताना, तो बाथरूमच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. खिडकीतून ऊन येत होतं. काळी फरशी चमकत होती आणि तिच्यात खिडकी उलटी दिसत होती, खिडकीच्या खाली आभाळ. विहिरीच्या काठावरून वाकून पाहिलं की दिसतं, अगदी तसं. गोविंदानं स्वतःचाच पाय मागं घेतला.

त्यानं आशाबाईला हाक मारली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "माय वो."

"दादा सांगून तर राह्यले होते," गोविंदा म्हणाला. "पानी हाय म्हून. आपन आयकलंच नाही."

म्हणजे अर्धं कोडं सुटलं. घरामागं पेरूच्या झाडाजवळ आंघोळीचा जुना दगड होता. शंतनुचं बाथरूम होण्याआधी घरातली सगळी माणसं त्याच दगडावर न्हायली होती, आता त्यावर गोधड्या धुतल्या जात. आशाबाईनं दगड घासून काढला, चुलीवर हंडाभर पाणी तापवलं, आणि ऊन पेरूच्या खाली उतरेपर्यंत वाट पाहिली. गोविंदानं दादांना परसात आणून खुर्चीवर बसवलं. ते राजीखुशीनं आले. दगडाकडे पाहूनही काही बोलले नाहीत.

"चला दादा, आंघोय करा."

"तू कोन सांगनारा?"

उरलेलं अर्धं कोडं जिथल्या तिथं होतं. गोविंदानं पुन्हा म्हणून पाहिलं नाही. बैठकीत सांगितलं होतं, सोडून द्या, तर सोडून दिलं. पण हंडाभर पाणी तापलेलं, सरपण जळलेलं, आणि बाहेर अशी थंडी. एवढं गरम पाणी वाया घालवणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं सदरा काढून पेरूच्या फांदीला अडकवला, चड्डीवर दगडावर बसला आणि स्वतःच्याच अंगावर पाणी घेऊ लागला. दोन तांबे घेतले असतील. मागून आवाज आला.

"हे काय आंघोय हाय का?"

गोविंदा थांबला.

"नुसतं पानी ओतून राह्यला अंगावर. साबन कुठं हाय? मान खाली कर."

भगवानराव खुर्चीतून उठले होते. त्यांनी धोतर वर खोचलं, गोविंदाच्या हातातला तांब्या काढून घेतला, आणि साठी उलटलेल्या भावाची मानगूट धरून ती खाली वाकवली. मग जी आंघोळ सुरू झाली ती आशाबाई स्वयंपाकघराच्या दारातून तोंडात पदर कोंबून बघत राहिली. भगवानरावांनी साबण लावला, तो डोळ्यांत गेला. कानामागं बोट घालून मळ दाखवला आणि लाज वाटत नाही का म्हणून विचारलं. पाय घासायची वजरी पडली होती तीच उचलून पाठीवर चालवली. गोविंदाच्या तोंडून आई गं निघालं, तर एवढ्याशाला रडतो म्हणून वरून आणखी बोलणी. कुंपणापलीकडे जानराव म्हशीला पाणी पाजत होता. म्हशीचं पिऊन झालं तरी तो बादली धरून तसाच उभा होता.

शेवटचा तांब्या ओतेपर्यंत भगवानराव स्वतः छातीपर्यंत ओले झाले होते.

"दादा, तुमी पन वले झाले," गोविंदा म्हणाला. सांगितलं नाही, फक्त म्हणाला.

भगवानरावांनी खाली वाकून आपल्या धोतराकडे पाहिलं. "तुह्यामुयंच झालो. सरक तिकडं. आता मी बसतो. पानी टाक."

गोविंदा सरकला. आधी पायांवर पाणी टाकलं, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर. भगवानराव डोळे मिटून हुकूम सोडत होते. गरम हाय. थोडं थंड. आता डोक्यावर. त्यांचे हुकूम पाळायचं काम गोविंदाला जन्मापासून येत होतं. त्यात त्याची कुठंच चूक झाली नाही.

त्या दिवसापासून घराला ही नवी रीतच पडली. आधी गोविंदाची आंघोळ, मग दादांची. नखं काढायची असली की गोविंदा आपला हात पुढं करून म्हणायचा, दादा, माझी नखं पाहा. दादा ती पाहायचे, बोलायचे, एखादं नख काढायचे, आणि मग आपला हात गोविंदाच्या मांडीवर ठेवायचे. गोळीचं आशाबाईनं जमवलं. ती हातात देई तेव्हा भगवानराव वास घेऊन बाजूला ठेवत. मग ती आपली रक्तदाबाची गोळी घेऊन त्यांच्या समोरच बसू लागली आणि म्हणू लागली, दोघांची वेळ झाली. आपल्याआधी घरच्या सुनेनं गोळी घ्यावी हे काही त्यांना पटत नसावं. ते पटकन आपली तोंडात टाकत.

याचा त्रासही झाला. भगवानरावांना कधी दुपारी वाटे की गोविंदाची आंघोळ राहिली. मग भर दुपारी पुन्हा दगड, पुन्हा वजरी. थंडीत गोविंदाला दोनदा सर्दी झाली. आशाबाई म्हणाली, लग्न झाल्यापासून मी तुम्हाला इतकं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. गावात पोरं त्याला पाहून साबण दाखवू लागली. आणि काही दिवस असेही गेले की काहीच चाललं नाही. एकदा भगवानरावांनी तांब्या पेरूच्या पलीकडे भिरकावला आणि आत जाऊन निजले. गोविंदानं तांब्या शोधून आणला, चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दगडावर जाऊन बसला. ओरडायची वेळ मात्र परत आली नाही.

पुढच्या बैठकीत त्यानं हे सगळं सांगितलं. या वेळी तो चपलेकडे बघत नव्हता. सुहासिनीबाईंनी घरी जाऊन तसंच काहीतरी करून पाहिलं. त्यांनी स्वतःची वेणी घालायला शरच्चंद्ररावांना बोलावलं, की त्यानंतर ते आपले केस विंचरू देतील. ते म्हणाले, मला ऑफिसला उशीर होतो. बाईंनी फोन करून गोविंदाला कळवलं की आमच्याकडे तुमचं औषध लागू पडलं नाही, आणि दोघंही फोनवर बराच वेळ हसले.

संक्रांत झाल्यानंतरची गोष्ट. गोविंदा नेहमीसारखा दगडावर बसला होता. भगवानराव आले, पण तांब्या घेतला नाही. हात जोडून बाजूला उभे राहिले.

"आबा, तुमची झाली का?"

आबा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. 'मी गोविंदा' हे शब्द गोविंदाच्या अगदी ओठावर आले. वाद घालायचा नाही, हे तो बैठकीत शिकला होता. पण वाद न घालणं वेगळं आणि बापाच्या जागी बसणं वेगळं. तो दगडावरून उठला. टॉवेल गुंडाळला. दादा मात्र हात जोडून थंडीत तसेच उभे होते.

"झाली," गोविंदा म्हणाला. "बस."

भगवानराव गुडघे जवळ घेऊन दगडावर बसले. गोविंदानं पायांवर पाणी टाकलं. पाठीला साबण लावला. ही पाठ कधी काळी रुंद होती का, असं वाटावं इतकी हाडं वर आली होती. त्यानं वजरी बाजूला ठेवली आणि हातानंच चोळलं.

"डोये मिट," तो म्हणाला. दादांनी मिटले.

"आबा," दादा डोळे मिटूनच बोलले. "गोविंदा आंघोयीले लय कंटाया करते."

"करते का?"

"हो. पन मी करून देतो त्याची. तुमी त्याले मारू नका."

गोविंदानं तांब्या भरला आणि सावकाश ओतला. मग आणखी एक भरला. पाणी ओतत असलं की लगेच बोलावं लागत नाही.

"नाही मारत," तो म्हणाला.

अंग पुसून, धुतलेलं धोतर नेसून, स्वेटर घालून भगवानराव ओसरीवर उन्हात बसले. गोविंदा त्यांच्या शेजारी बसला. आशाबाई पदर सावरत चहा घेऊन आली, दोघांपुढे कपबशा ठेवल्या आणि आत वळली. ती पाठमोरी होताच भगवानराव गोविंदाच्या कानाशी वाकले.

"आबा, हे पोरगी चांगली दिसते. आपल्या गोविंदासाठी पाहू का?"

गोविंदानं दाराकडे पाहिलं. आशाबाईचे केस निम्मे पांढरे झाले होते आणि गुडघ्यामुळे ती उंबऱ्यावर जरा थांबून पाय टाकत होती. तिला पाहायला रोहिणखेडला गेले होते ते भगवानरावच, एकटे. परत येऊन त्यांनी गोविंदाला सांगितलं होतं की वैशाखात तुझं लग्न आहे.

"पाहू," गोविंदा म्हणाला. "पन गोविंदाले इचारा लागन."

"त्याले काय इचारता?" भगवानरावांनी चहा बशीत ओतला. "मी सांगतो न त्याले."

आशाबाईनं आतून विचारलं की काय गुजगोष्टी चालल्या आहेत. गोविंदा उठून स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं तिला सांगितलं. ती हसायला लागली ती ओट्याला धरूनच.

"मंग तुमी काय म्हनले?"

"आपलं काय चालते," गोविंदा म्हणाला.

"जा आता," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमचा चहा थंडा होऊन राह्यला."